आईच्या पाट्यावरचा काप

बायकोने माशांच्या कालवणासाठी पाट्यावर तिरफळं ठेचली की मी मनाने कुडाळच्या त्या दगड कापायच्या कारखान्यात जाऊन पोहोचतो. आई गेली, वाटणी झाली आणि तिच्या पाट्यावरून दादाचं-माझं बोलणं तुटलं. शेवटी पाटा मधोमध कापायचं ठरलं. तिथे कठीण वाळू मिसळलेल्या पाण्याची सुईसारखी धार दगड कापायची. पंप किंचाळू लागला. आम्ही दोन बाजूंना, एकमेकांकडे न बघता उभे. धार काठाला लागली, तुषार उडाले आणि दगडात मुरलेल्या तिरफळांचा वास आला.

"बंद कर रे," दादा यंत्रावरच्या माणसावर ओरडला. "आयेचो वास येता."

पाटा दादानेच माझ्या गाडीत ठेवला. काठावर नखभर गुळगुळीत काप राहिला आहे. दादा आला की त्यात नख घालतो, वास घेतो आणि मगच जेवायला बसतो.