अंबाड्यातली पेन्सिल

“आधी पेन्सिल, मग पुस्तक!” असं म्हणत बाई अंबाड्यातली पेन्सिल उपसायच्या आणि मगच माझ्या टेबलावरचं पुस्तक उचलायच्या. साखरशेतच्या अंगणवाडीतल्या ह्या बाई बाजाराच्या दिवशी एसटीनं जव्हारला येत. मी इथल्या वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो, आणि बाईंच्या कृपेनं बरीच वर्षं नुसतं खोडरबर चालवत होतो.

“अहो बाई, पुस्तक वाचनालयाचं आहे!”

“मग वाचतेच आहे ना मी? नुसती रेघ मारून काय होतंय? का मारली ते दोन शब्दांत लिहायचं, मग डोक्यात राहतं. आणि भाऊ, तुम्ही कधी हसत नाही का हो?”

कपाळ माझं! शेतीच्या एका पुस्तकात छापलं होतं की नाचणीला फारसे कष्ट लागत नाहीत. शेजारी बाईंचं अक्षर: ‘लेखकाला आमच्याकडं आवणीला, रोपं लावायला पाठवा. चिखलात वाकला की कळेल.’ पुढच्या पानावर तर चक्क मलाच: ‘भाऊ, रबर हळू. कागद फाटेल. पुसण्याआधी वाचा तरी.’

वाचायला लागलो, तिथंच फसलो. तोवर मला पुस्तकांच्या पाठीवरची नावं तेवढी पाठ होती.

मग कुणीतरी तक्रार केली. समितीनं ठरवलं, बाईंचं कार्ड बंद. सांगायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं, पण त्यावरचं बोट काही उचललं नाही.

“पेन्सिलीवाचून मला वाचता येत नाही, भाऊ. आणि वाचल्यावाचून...” मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी खळ घेऊन बसलो. बाईंनी मागितलेल्या पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवला. पानाचा आकडा टाकायचा आणि आपलं म्हणणं इथं लिहायचं. समितीपुढं जन्मात पहिल्यांदा भांडलो, आणि कार्ड वाचलं. पुढं तर बाईंच्या ओळींखाली इतर वाचकही लिहू लागले, वाद घालू लागले.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन लेकीकडं नाशिकला गेल्या. जाताना शेवटचं पुस्तक परत करून गेल्या. मागच्या कागदावर एकच ओळ होती: ‘पान ६२. भाऊ, इथं तुम्हाला हसू येईल.’

म्हटलं, बघू या तर. पान उघडलं, वाचलं, आणि रिकाम्या वाचनालयात एकटाच खो खो हसत सुटलो. बाईंना सांगावं म्हणून मान वर केली, तर समोर नुसता बाक.

मग टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं, ‘आलं.’