बाबांची तिसरी फेरी

निकाल लागला त्या संध्याकाळी बाबांनी बडोद्यातल्या वासण्याच्या आमच्या सोसायटीत घरोघर पेढे वाटले. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी पास झाले होते. गोरव्यातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी ठरलेलीच होती, मार्कशीट दाखवली आणि कामाला लागले.

थोडे दिवस गेले असतील नसतील, तोच युनिव्हर्सिटीने निकाल बदलला! एका पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला म्हणून सगळ्यांना त्याचे मार्क दिले होते, ते परत काढून घेतले. ना विचारणं, ना बोलावणं. टपालाने नवी मार्कशीट आली, सही-शिक्क्यासकट. नापास. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजर भला माणूस, पण तोही म्हणाला, "बेन, डिग्री नाही तर नोकरी नाही. कोर्टात जायचं तर जा, निकालापर्यंत जागा धरून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही."

घरी आले तर बाबा पुन्हा सोसायटीत फिरत होते. आमचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते. वरून हुकूम आला की मानायचा, आणि आपल्या तोंडून चुकीची बातमी गेली तर ती आपणच जाऊन परत घ्यायची, ही घरातली रीत. ज्या ज्या दारात पेढा दिला, तिथे तिथे उभे राहून बाबा सांगत होते, "मी दिलेली बातमी चुकीची होती. मुलगी नापास आहे."

मी त्यांना जिन्यातच गाठलं. "बाबा, अहो काय चालवलंय हे? मी चूक केलीय का काही?"

"शिक्का आहे त्याच्यावर, पोरी," एवढंच म्हणाले आणि पुढची बेल वाजवली. मी किती तरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

अमदावादला हायकोर्टात केस उभी राहिली. आमच्या वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. जाहीर झालेला निकाल मुलीचं ऐकून न घेता बदलता येत नाही. पण समोरचे वकील उठले आणि म्हणाले, मुलीच्या वडिलांनी स्वतः घरोघर जाऊन नवा निकाल मान्य केलाय, आता तक्रार कसली? युनिव्हर्सिटीतला एक कारकून आमच्याच सोसायटीत राहतो, त्याने जाऊन सांगितलेलं. मेल्याने पहिल्या फेरीत दुसरा पेढाही मागून घेतला होता आमच्याकडे!

वकीलबाई कागद चाळू लागल्या. गेली नोकरी, मला वाटलं, आणि घालवली कोणी, तर माझ्याच बापाने.

जजसाहेबांनी विचारलं, "वडील आलेत का?" बाबा मागच्या बाकावरून ताडकन उभे राहिले. साहेबांनी गुजरातीत विचारलं, नवा निकाल तुम्ही मान्य केला होता का?

"हो साहेब," बाबाही गुजरातीतच बोलले. मी डोळे मिटून घेतले. "शिक्का होता, म्हणून मानला. पण पहिल्या कागदावरही तोच शिक्का होता. तोही मी मानला होता. आता यातला खोटा कुठला मानायचा, ते तुम्हीच सांगा."

मग साहेब समोरच्या वकिलांकडे वळले. "मी तुम्हाला हेच विचारतोय."

बदललेला निकाल रद्द झाला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही बडोद्याला उतरलो. स्टेशनबाहेर सयाजीगंजात बाबांनी पेढे घेतले आणि घरात न शिरताच पहिल्या दाराची बेल वाजवली. मी खोका धरून मागे उभी होते. लोकांनी 'परत पास झाली का?' विचारलं तर कान कसे उपटायचे ते मी ठरवून ठेवलं होतं. कारकुनासाठी तर खास ठेवणीतलं होतं.

त्याचं दार आलं. त्याने मान वर केली नाही. बाबांनी त्याच्याही हातावर पेढा ठेवला आणि आधीच्या सगळ्या दारांत सांगितलं होतं तेच सांगितलं.

"मागच्या वेळी मी चुकीचं सांगून गेलो. माझी मुलगी पहिल्यापासून पास होती."

मी खोका हातात धरून तिथेच ढसाढसा रडले.