वाघमारे सिस्टरांची सही

पेशंटला हात लावण्याआधी वाघमारे सिस्टर आपलं पूर्ण नाव सांगायच्या. आडनावासकट, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "मी सुनंदा वाघमारे. आता तुम्हाला सुई देणार हाय. अडचण आसंल तर आत्ताच बोला."

मी तेव्हा त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात नवी शिक्षिका होते. मला तो उद्धटपणा वाटायचा. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईनं सुई घेतल्यावर आडनाव विचारलं, आन दंड धुवायला पाणी मागितलं. तवापासून आधीच सांगून टाकते." माझं आडनाव ऐकून लोक मला चहा विचारत. त्यामुळे मी नुसती मान डोलावली.

कॉलेजात परदेशी मुली येऊ लागल्या होत्या. त्यांना 'सांस्कृतिक जाण' हा धडा मी शिकवायची. रुग्णाची भाषा, रीत, लाज, खाणंपिणं समजून घ्या, वगैरे. टांझानियाची नीमा उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहायची आणि शेजारणींकडून मराठी शिकायची. पदर सरकू न देता ड्रेसिंग कसं करायचं, ते तिला सिस्टरांनी शिकवलं. "ही पोरगी आधी तोंडाकडं बघती, मग जखमेकडं," त्या म्हणायच्या. "तुमच्या बाकीच्या मोबाईलकडं बघत्यात."

दौलताबादकडची एक आजी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली होती. नीमाने तिला विचारलं, "आजी, पडदा लावू का? दुखतं का?" आजीने "लाव" म्हणून मान हलवली. तेवढ्यात तिचा मुलगा आत आला. स्वच्छ कपडे, हातात गाडीची किल्ली.

"हिला कामून पाठवलं? आईला हात लावू देऊ नका. आमच्यात चालत नाय. दुसरी द्या."

काय चालत नाही, हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी "बरं, दादा" म्हणाले आणि नीमाला आठवडाभर स्टोअरमध्ये गॉजच्या घड्या घालायला बसवलं.

"मॅडम, माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"चुकलं नाही गं. इथल्या लोकांच्या भावना समजून घे," असं म्हणून मी घड्याळ पाहिलं. हे वाक्य आठवलं की आजही तोंड कडू होतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात पाहुणे यायचे होते. नीमाला नऊवारी नेसवली, नाकात नथ अडकवली आणि औक्षणाचं ताट देऊन फाटकापाशी उभं केलं. जे हात आजीला लावायला चालले नव्हते, ते पाहुण्यांना कुंकू लावायला चालले. तो फोटो मोठा करून कॉलेजच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं होतं, 'जग आमच्या अंगणी'. त्या फोटोखालून मी रोज जायची.

आजीच्या मुलाने लेखी तक्रार केली होती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "रुग्णाच्या संस्कृतीशी जुळवून घेणे, या रकान्यात नीमाला कमी गुण द्या. तक्रारीची नोंद दिसली पाहिजे." मी दहापैकी दोन दिले. त्या कागदावर वॉर्डच्या इनचार्ज म्हणून वाघमारे सिस्टरांची सही लागायची.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "दोन? कोणाला, त्या गड्याला?"

"सिस्टर, फॉर्म नीमाचा आहे."

"मंग चुकीच्या माणसाचा भरलाय." कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "शिसारी येती, मॅडम. त्याची नाय. तो बोलून तरी दाखवतो."

प्राचार्यांच्या खोलीतही त्यांनी पेन उचललं नाही. "सिस्टर, पेशंटच्या भावनांचा प्रश्न आहे," प्राचार्य म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "माझ्या टायमाला बी भावनाच व्हत्या, सर. त्या भावनांपायी मी दोन वर्षं नुसती बेडपॅन धुतली. मी सही करत नाय."

सही दुसऱ्या कोणीतरी केली. नीमाचे गुण दोनच राहिले. सिस्टरांना निवृत्तीपर्यंत चादरी मोजायच्या खोलीत बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही. प्राचार्य त्यांच्या शेवटच्या दिवशी बाहेरगावी होते. नीमा पास झाली आणि मला न भेटता मायदेशी गेली.

पुढे वर्षभराने मी पुंडलिकनगरला सिस्टरांच्या घरी गेले. माफी मागायची होती. त्या मेथी निवडत होत्या. माझं सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी ऐकलं.

"माझ्याकडं कामून आलीस, पोरी? तिला बोललीस का?"

"नाही."

"मंग इथं रडून काय उपेग? गुण काय तू माझे कापले नव्हतेस."

त्यांनी जुन्या वहीतून नीमाचा नंबर काढून दिला. त्याच संध्याकाळी मी फोन लावला. तिने माझा आवाज ओळखला नाही. मी नाव सांगितलं.

"नीमा, माझं चुकलं," मी म्हणाले.

"मॅडम, मी ड्यूटीवर आहे," ती म्हणाली. मराठी अजून स्वच्छ होतं. "वाघमारे सिस्टर बऱ्या आहेत का?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले.

"त्यांना सांगा, मी विचारलं," असं म्हणून तिने फोन ठेवला.