टाकीचं झाकण

गाडी थांबली की आमचे डॉक्टर आधी मागे जायचे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवायचे, कान लावायचे आणि आवाज आला नाही की म्हणायचे, "घेऊन राह्यली दम." मगच पेशंटच्या घरात पाऊल. आमच्या जालन्याच्या मस्तगडात तुम्ही उभे असतात, तर तुम्हीही हसला असतात. लोक म्हणत, डॉक्टर माणसांपेक्षा मोटारीचीच छाती जास्त तपासतात. मी त्यांचा कंपाउंडर. मला मात्र हसू यायचं नाही.

गाडी दोघांपुरती, हलकी, बिनटपाची. देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. टाकी शेपटाकडे आणि तिच्या चकचकीत झाकणाला एक बारीक भोक. पेट्रोल कमी होतं तशी त्या भोकातून हवा आत जावी लागते. भोक बुजलं की टाकी भरलेली असूनही पेट्रोल इंजिनापर्यंत येत नाही. हे आम्हाला एका दसऱ्याने शिकवलं.

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, पूजेचं ताट घेऊन आल्या. डॉक्टरांचा जीव गाडीच्या रंगात. बॉनेटवर काही नको म्हणाले. मग वहिनींनी मागचं झाकण निवडलं आणि टिकावं म्हणून तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडकडच्या एका खेड्यातून निरोप आला, बाळंतीण अडलीय. आम्ही निघालो. जालना मागे पडलं आणि गाडी आचके देऊन बंद पडली. थोड्या वेळाने चालू झाली, पुन्हा बंद. डॉक्टरांनी प्लग पुसले, नळी फुंकली. शेवटी पेट्रोल बघायला झाकण फिरवलं, तर टाकीने सुस्स करून हवा ओढली. ते झाकणाकडे बघतच राहिले. मग बॅगेतल्या इंजेक्शनच्या सुईने त्यांनी भोक मोकळं केलं आणि लाल झालेली बोटं रुमालाला पुसली. त्यानंतर गाडी कुठे थांबली नाही.

बाई वाचली. मूल वाचलं नाही.

परतताना डॉक्टरांनी तो लाल रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "घरी विचारलं तर धूळ अडकल्ती म्हणायचं. दुसरं बिलकुल काही न्हाई." तासभर आधी पोचून मूल वाचलं असतं का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण वहिनींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी हे जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

पुढच्या दसऱ्याला डॉक्टरांनी आपणहून बॉनेट पुढे केलं. रंग गेला तर जाऊ द्या, म्हणाले.

मग डॉक्टर गेले. त्या वर्षी दसऱ्याला मी सवयीने गाडी पुसायला गेलो. वहिनी बाहेर आल्या. हातात ताट नव्हतं, कपाळ मोकळं होतं. त्या सरळ मागे गेल्या आणि झाकणावरून बोट फिरवत म्हणाल्या, "त्या दिवशीचा रुमाल मीच धुतल्ता. कुंकू निघता निघत नव्हतं."

मी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

त्यांनी झाकण फिरवलं. कित्येक महिने जागची न हललेली गाडी ती, आवाज कुठून येणार? तरी वहिनी कान लावून उभ्या राहिल्या.