मोजणीतला सातवा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी डोकं खाणार नाही. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. माझं घर उमेळ्याला, वाडीतलं. लहानपणी गावातल्या प्रत्येक विहिरीत कोणी ना कोणी 'असायचं'च... मी त्याच विहिरींत पोहायला शिकलो. पुढे रूळ जोडायच्या कामाला लागलो, आणि तिथे तर माणसांनाच वेळ नसतो, भुतांना कुठून असणार! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण पोटात ठेवून ठेवून आता जमत नाही.

काम काय, ते थोडक्यात. रुळांची दोन टोकं इंचभर फट ठेवून एका रेषेत आणायची. फटीभोवती साचा बसवायचा, त्याच्या कडा वाळूने लिंपायच्या. गॅसच्या ज्वाळेने टोकं लाल होईपर्यंत तापवायची. मग वर भांडं ठेवून त्यात थर्मिटची पावडर पेटवायची. बघता बघता लोखंडाचा रस होतो — दोन हजार डिग्रीच्या वर — आणि तो साच्यात उतरून दोन रुळांचा एक रूळ करतो. जरा निवला की वरचं तासायचं, ग्राइंडरने घासायचं. वाचायला सोपं आहे. करताना भुवया जळतात.

पेटवण्याआधी डोकी मोजायची, ही माझ्या टोळीची पद्धत. मीच पाडलेली, नियमावलीत शोधू नका. ब्लॉक, म्हणजे कामापुरती गाड्या बंद, एकाच लाइनीचा असतो, शेजारच्या लाइनीवर गाड्या चालूच असतात. कोण पाना आणायला गेलाय, कोण लघवीला, पत्ता नसतो. म्हणून मी 'एक' ओरडायचो, मग ज्याने त्याने आपापला आकडा. आम्ही सहा जण. सहा ऐकू आलं की पेटवायचं. एक जरी कमी आला तरी आधी तो शोधायचा. बाकीच्या टोळ्या आम्हाला 'मिस्तरींची बालवाडी' म्हणायच्या. म्हणू देत.

मे महिना, रविवारचा ब्लॉक, नालासोपारा आणि विरारच्या मध्ये. वेळ भर दुपारची. रात्रबित्र काही नाही, डोक्यावर टळटळीत ऊन. विनायक — गिरीज गावचा, चौदा वर्षं माझ्याबरोबर ज्वाळा धरणारा — त्याने टोकं तापवून दिली आणि मी मोजणी सुरू केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा...

मग डाव्या बाजूला खडीच्या ढिगाकडून कोणीतरी खाकरलं. आणि म्हणालं, "साऽत."

पुरुषाचा आवाज. जरा घोगरा, शेवटी ओढलेला.

"कोण रे तो हौशी?" मी खेकसलो.

"दादा, मला वाटलं तूच आमची टेस्ट घेतोयस," विनायक म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं होतं. ढिगामागे जाऊन पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच खाकरणं, पुन्हा "साऽत".

या गडबडीत तापवलेला रूळ गार होत होता. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून तापवायचं असतं, हे मला झोपेतही सांगता येईल. पण ब्लॉक संपत आला होता आणि माझा पारा चढला होता. मी तसंच पेटवलं. साच्याची खालची कड फुटली आणि रस बाहेर उसळला. विनायक मागे सरलाच नव्हता, त्या ढिगाकडे बघत उभा होता. त्याची डावी पोटरी भाजली. तीन महिने घरी होता बिचारा. रुळाचा तो सांधा नंतर कापून टाकला.

चूक माझीच होती, घाई मी केली. पण मनात एक गाठ बसली, की तो सातवा आला म्हणून हे झालं.

दिवाळीनंतर आम्हाला कामावर ठेवणाऱ्या एजन्सीने एक जास्तीचा माणूस दिला, ग्राइंडिंगला. जगन नाव, चाळिशीचा, विरारच्या पुढच्या भातशेतीच्या गावातला. आल्या आल्या म्हणतो, "मिस्तरी, आधी पानी घ्या, मंग वरडा आमच्यावर." मला माणूस आवडला.

त्याच दिवशी पहिली मोजणी. विनायक परत आला होता, सहा झाले. नवीन माणसाचा आकडा शेवटचा. जगन खाकरला आणि म्हणाला, "साऽत."

तोच घोगरा आवाज, तसाच शेवटी ओढलेला. विनायककडे पाहिलं तर तो दोन पावलं मागे गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मे महिन्यात होतास का रे इकडे लाइनीवर?"

"नाय ओ. तवा मी मिठागरावर व्हतो. रूळ जवळून आजच बगतोय."

संध्याकाळी विनायकने मला बाजूला घेतलं. "दादा, ह्याला काढ इथून. माझा पाय बघ एकदा." मी त्याला झापलं. पण त्या रात्री मला एकच दिसत होतं — या माणसाचं काहीतरी वाईट होणार आहे, आणि ते माझ्या टोळीत, माझ्या हातून होणार आहे. मी घाबरलो. सरळ सांगतो, मी फार घाबरलो.

पण असं उगाच कोणी माणूस हलवत नाही. कारण लागतं. मी लिहून दिलं — 'कामात लक्ष नाही. रुळावर धोकादायक. या टोळीत ठेवू नये.' खाली सही केली. खरं सांगायचं तर इतका सांभाळून वागणारा माणूस माझ्याकडे कधी आलाच नव्हता. दर वेळी रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघून पुन्हा एकदा बघायचा.

जाताना तो मला भेटला. "मिस्तरी, काय चुकलं तेवडं सांगा, सुदरीन."

"वरून ऑर्डर आहे," मी म्हणालो. मान वर केली नाही.

त्याला सफाळ्याच्या पुढे दुसऱ्या टोळीत टाकलं. तिथे डोकी मोजत नाहीत. पाच आठवड्यांनी तो ग्राइंडरसाठी पेट्रोलचा कॅन आणायला पलीकडे गेला होता. इकडे त्यांनी पावडर पेटवली, सगळ्यांचं लक्ष त्या उजेडाकडे. शेजारच्या लाइनीवरून गाडी गेली. घासायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी विचारलं, जगन कुठाय?

विनायकने फोन केला तेव्हा मी वाडीत केळींना पाणी लावत होतो. पाणी तसंच वाहत राहिलं. मला वाटलं होतं, तो आवाज या माणसाला लांब ठेव म्हणून सांगतोय. आता वाटतं, तो एवढंच म्हणत होता की मला मोजा. माझ्याकडे असता तर मोजला गेला असता. त्याच्याशिवाय मी पेटवलंच नसतं.

महिन्याभराने जगनची बायको आमच्या घरी आली, भावाला घेऊन. ओटीवर बसली. हातात माझ्या कागदाची झेरॉक्स.

"समदे म्हन्तात त्यांचंच लक्ष नव्हतं. ह्यो कागद दाखवतात. पोरं पन आयकतात." तिने कागद पुढे केला. "सही तुमची हाय. खरं हाय का एवडंच विचारायला आले."

"नाही," मी म्हणालो. "खोटं आहे. मी खोटं लिहिलं." दुसऱ्या दिवशी एजन्सीत जाऊन तसं लेखी दिलं, काम गेलं, ते जाऊ द्या. पण त्या दिवशी ओटीवर ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही.

"मंग का लिवलंत?"

मी तो कागद घेतला, घडी घातली आणि तिला परत दिला.  मग भाऊ म्हणाला, "चल ताई."

तो आवाज कुणाचा, तो माणूस यायच्या सहा महिने आधी कसा आला, मला माहीत नाही. कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर इथे लिहू नका, मला ते नकोय. तिला काय सांगू, तेवढं कोणाला सुचलं तर सांगा. ती अजून अधूनमधून फोन करते, आणि तेवढंच विचारते.