चालू यंत्राला हार घालत नाहीत

आमच्या गिरगावच्या वाडीत नम्रताला सगळे डॉक्टरीण म्हणतात आणि खोकल्याचं औषध विचारतात. ती तसली डॉक्टर नाही. परळच्या एका संशोधन संस्थेत ती आरएनएवर काम करते. तिचे वडील गंगाधर शिवणकाम करायचे, म्हणून तिने मला ते त्यांच्या दुकानाच्या उदाहरणानेच समजावलं होतं.

"काकू, बाबा मूळ माप कपाटात ठेवायचे आणि वर्तमानपत्रावर नमुना कापून कारागिराला द्यायचे ना? डीएनए म्हणजे कपाटातलं माप. आरएनए हा कागदी नमुना. तो बघून पेशीतले कारागीर प्रथिन शिवतात. मग कागद फाडून टाकायचा."

"म्हणजे रद्दीसाठी एवढं शिकलीस?"

"रद्दीच. उघड्या हाताचा स्पर्श झाला तरी विरते."

हे सगळं तिने धाकट्या भावासाठी हाती घेतलं होतं. अवधूतला शाळेत असतानाच जिना चढवेनासा झाला. त्याच्या नमुन्यात मध्येच थांबण्याची खूण पडलेली. कारागीर तिथे काम टाकून उठायचे आणि स्नायूचं प्रथिन अर्धवट राहायचं. विशी पाहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तो तिशीच्या पुढे जगला. गॅलरीत चाकाच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचा. मला तो हेडमिस्ट्रेस म्हणे, तेही माझ्या तोंडावर.

त्याच्या अंगात काही कारागीर ती खूण ओलांडून पुढे शिवत असावेत, असं नम्रताला वाटायचं. ते कसं, एवढं कळलं तर दुसऱ्या मुलांना उपयोग होईल. त्यासाठी त्याच्याच स्नायूतला आरएनए हवा होता. एकदा तुकडा घेतला तेव्हा तो म्हणाला, "ताई, हवं तेवढं काप. मला कुठे धावायचंय?"

तो तुकडा पद्धत बसवण्यातच संपला. गेल्या उन्हाळ्यात अवधूत गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे शेवटचा तुकडा घेऊन लगेच गोठवला. आता पद्धत तयार होती. नम्रता मला म्हणायची, "काकू, अजून तो थोडा आहे, परळला."

दसऱ्याच्या आधी ती तापाने घरी होती. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. अजून अशक्तपणा होता, म्हणून मी सोबत गेले. तिचा मोठा फ्रीझर आरशासारखा चमकत होता. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. नुकतेच गोदामातून तिच्या विभागात बदलून आलेले शिपाई सीताराम शेजारी हसत उभे होते.

"हा बंद का आहे?" नम्रताने विचारलं.

"काल दुपारीच केला, ताई. चालू यंत्राला हार घालत नाहीत. माझा बाप गिरणीत साचा थांबवून, धुऊन मगच पूजायचा. आत बर्फाचा हा एवढा थर! बटण बंद केल्यावर नुसता बोंबलत होता, त्याचा आवाज पण बंद केला."

"आतले डबे?"

"टाकीन काय? मेव्हणा भाऊच्या धक्क्यावर असतो, त्याच्याकडनं बर्फ आणला. थर्माकोलच्या पेटीत घालून वर मीठ मारलंय. तशात पापलेट दोन दिवस बिघडत नाही."

पापलेटाला तेवढी थंडी पुरते. या तुकड्यांना शून्याखाली ऐंशी अंश लागतात. नम्रताने हातमोजे घातले, पेटी उघडली, एक कुपी उजेडात धरून हलकेच तिरकी केली. आत गोठून चिकटलेला असायला हवा होता तो तुकडा खाली घसरला. तिने कुपी परत ठेवली.

तेवढ्यात आरती सुरू झाली. ती टाळ्या वाजवत उभी राहिली. सीतारामांनी दिलेला पेढाही तिने खाल्ला.

सुट्टीनंतर तिने तपासणी केली. आरएनए शाबूत असला की चित्रात दोन ठळक पट्टे दिसतात म्हणे. तिने मला मोबाइलवर दाखवलं. वरपासून खालपर्यंत नुसता फराटा होता.

"सगळं तुटलंय. शिवण्यासारखं काही उरलं नाही," ती म्हणाली.

कुणाची तक्रार करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. पण प्रयोगशाळेत कुणीतरी बोललंच. एका रविवारी सीताराम पत्ता विचारत वाडीत आले. भिंतीवर अवधूतचा फोटो पाहिला आणि उभेच राहिले.

"बसा ना, काका," नम्रता म्हणाली.

"मला वाटलं, औषधं-बिवषधं असतील. माणसाचं असेल असं..." त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. "माझं घ्या, ताई. दंडाचं घ्या, मांडीचं घ्या. मी सही करून देतो."

"तुमचं घेऊन काय करू? तुमचं चांगलं आहे, काका."

"मग त्याचं परत मिळेल?"

नम्रताने नकारार्थी मान हलवली. मग पुढे होऊन तिने स्वतःच्या हाताने त्यांची बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि तिथेच, त्यांचा हात धरून, अवधूत गेल्यानंतर पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.