खिडकीतून टाकलेली पिशवी

दारव्ह्याच्या स्टँडावर गाडी लागताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही विद्या मी शाळेत जायला लागलो तेव्हाच शिकलो. पुढे तिच्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी उरला नाही. गाडी फलाटाला लागण्याआधी, ती वळत असतानाच तिसरी किंवा चौथी खिडकी गाठायची. रुमाल नसेल तर वर्तमानपत्र, तेही नसेल तर टोपी. एकदा मी एका पायातली चप्पल टाकली होती आणि ती जागाही मला मिळाली होती. भूगोलाचा मास्तर म्हणून माझी आठवण किती पोरांना असेल सांगता येत नाही, पण ती चप्पल पुष्कळांना आठवते.

या विद्येचा कळस मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी गाठला. हेडमास्तरांना मीटिंगसाठी यवतमाळला जायचं होतं आणि मी सोबत होतो. गाडीला ही गर्दी. मी दोन जागा धरल्या. एकीवर बसलो आणि दुसरीवर दोन्ही हात पसरून, सरांचं पान खाऊन होईपर्यंत, साऱ्या गाडीच्या शिव्या खाल्ल्या. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये बरीच वर्षं सांगितली. सांगताना एक भाग मात्र गाळत असे. त्याच गाडीत माझी मोठी बहीण चढली होती. सहावा महिना होता आणि दवाखान्यात चालली होती. मी तिला म्हणालो, "ताई, थे सरांची जागा हाय." ती वरचा दांडा धरून यवतमाळपर्यंत उभी राहिली. मी सरांच्या शेजारी बसून त्यांना पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून सांगत होतो.

तर ही ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दाजी लवकर गेले, आणि तिने पायमशीनवर गावाचे ब्लाउज शिवून दोन पोरी शिकवल्या. तीन वर्षांपूर्वी नागपूरला शिकायला आलेले लाओस देशाचे एक बौद्ध भिक्खू, भन्तेजी, आमच्या वस्तीतल्या विहारात दोन दिवस मुक्कामी होते. त्यांचं भोजनदान ताईकडे होतं. वाढता वाढता तिला त्यांच्या चीवराची, अंगावरच्या भगव्या वस्त्राची, उसवलेली शिवण दिसली. शिंप्याच्या नजरेला ती सहन होणं शक्य नव्हतं. "भन्तेजी, तुमाले मी चीवर शिवून देतो," ती म्हणाली. भन्तेजी हसून मोडक्या हिंदीत म्हणाले, "वर्षावास के बाद चीवरदान होता है. हमारे विहार में लेकर आना." वर्षावास म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम.

आपल्याकडे 'या कधी घरी' म्हणतात, तसंच हे असणार, असं आम्ही सगळे समजलो. ताईने मात्र त्यांच्याकडून विहाराचा पत्ता त्यांच्याच लिपीत कागदावर लिहून घेतला आणि कामाला लागली. चीवर म्हणजे सलग कापड नसतं. तुकडे जोडून, बांध घातलेल्या शेतासारखं ते शिवावं लागतं. तिने ते तीनदा उसवलं आणि चौथ्यांदा शिवलं. मग एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, तू जिंदगीभर नकाशे काढले. आता मले घेऊन चाल."

विमानाने थेट जवळ उतरता आलं असतं. मुलाने तसं फोनवर शोधूनही दिलं होतं. पण तीस वर्षं 'आग्नेय आशिया: भात, सागवान, रबर' असं फळ्यावर लिहिलेल्या माणसाला थेट कसं चालेल? मी जाहीर केलं की आपण व्हिएतनामला उतरायचं, तिथून साध्या गाड्यांनी कंबोडिया ओलांडायचा आणि लाओसमध्ये शिरायचं. जमिनीवरून गेल्याशिवाय देश कळत नाही, असं एक वाक्यही मी टाकलं. बायको म्हणाली, "आपले गुडघे कळतील." ती, मी, ताई आणि आमच्या गल्लीतले एक निवृत्त एसटी कंडक्टर, असे चौघे निघालो. कंडक्टरभाऊंना घ्यायचं कारण म्हणजे गाडीत बसल्याशिवाय त्यांना करमत नाही.

पहिल्या दिवशी मी सर्वांना हॉटेलातून स्टँडकडे नेताना सूर्याकडे पाहून दिशा ठरवली आणि तासभर चालवून मासळीबाजारात पोहोचवलं. बायकोने विचारलं, "तुमचं आग्नेय कोनत्या बाजूले हाय?" त्यानंतर रस्ता ती फोनवर पाहू लागली आणि माझ्याकडे देशांच्या राजधान्या सांगण्याचं काम उरलं. कंडक्टरभाऊंना कोणत्याच देशाची भाषा येत नव्हती, पण प्रत्येक गाडीत ते ड्रायव्हरच्या मागची जागा पाहून बसत, प्रत्येक थांब्यावर आमची डोकी मोजत आणि 'चार' म्हणून शिटी मारत. कंबोडियातल्या एका ड्रायव्हरने त्या शिटीवर खरंच गाडी सोडली. भाऊंचे डोळे भरून आले होते.

ताई या सगळ्यात मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसलेली असे, आत चीवर आणि पत्त्याचा तो कागद. बाकीचं सामान टपावर गेलं तरी ती पिशवी कधी गेली नाही. सीमेवर शिपायाने ती उघडायला लावली तेव्हा चीवर पाहून त्याने हात जोडले, आणि ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पासपोर्ट तिनेच काढून आणला होता.

लाओसमधल्या शेवटच्या स्टँडावर मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. धूळ, पोती, कोंबड्यांच्या पाट्या, एका बाजूला भरल्याशिवाय न हलणाऱ्या बाकड्यांच्या गाड्या. अगदी आमच्या दारव्ह्याच्या जीपा. इथून विहाराचं गाव तीन तासांवर होतं आणि चीवरदान दुसऱ्या दिवशी सकाळी. बायको खिडकीवरून तिकिटं घेऊन येत होती, ताई तोंड धुवायला नळावर गेली होती आणि पिशवी पहिल्यांदाच माझ्या हातात देऊन गेली होती. तेवढ्यात फलाटाकडे एक मोठी बस वळली. समोरच्या पाटीवर आमच्या कागदावरचीच अक्षरं होती. पोती घेतलेली माणसं तिच्याकडे निघाली.

इतक्या दिवसांत माझ्या हातून एकही नीट काम झालं नव्हतं. हे मला येत होतं. मी धावलो, उघडी असलेली तिसरी खिडकी गाठली आणि हातात होतं ते आत टाकलं. नेम अचूक होता. मग ऐटीत दाराकडे आलो, तर दाराशी खाली उभ्या असलेल्या स्टँडवरच्या तिकीटवाल्या बाईने माझा दंड धरला. मागून बायको आली, तिच्या हातातली तिकिटं त्या बाईने पाहिली, त्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि मग मागच्या रिकाम्या फलाटाकडे दाखवलं. इथे प्रत्येकाचा जागेचा आकडा ठरलेला असतो. आमची गाडी पुढची, दोन तासांनंतरची. मी हातवारे करून पिशवी, खिडकी, आत, असं समजावू लागलो तेव्हा ती बाई हसत होती. गाडी तोवर फाटकाबाहेर पडली होती.

ताई पदराने तोंड पुसत आली. "पिशवी?"

मी सांगितलं.

"टाकली?" तिने विचारलं. "काहून टाकली?"

"जागा धराले."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती तिथल्या बाकावर बसली आणि मांडीवर पिशवी नसल्यामुळे हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. ते तिने एकावर एक ठेवले. कंडक्टरभाऊ म्हणाले, "मास्तर, तीस वर्ष लोकाइचे रुमाल उचलून फेकले मी. तुमचा तेवढा हातातून सुटला." बायको दोन तास माझ्याशी बोलली नाही. मी तिथल्या तिकीटवाल्यांना फोनमध्ये बोलून भाषांतर ऐकवत फिरलो. फोन काय सांगत होता कोण जाणे, एकाने मला केळी आणून दिली.

मला लाज वाटत होती, आणि भीतीही. चीवर गेलं तर ताई परत जाईल, पुन्हा शिवेल, पण पुन्हा येणार नाही हे मला माहीत होतं. सत्तरीला आलेली बाई होती ती. मशीनवर डोळे गेले होते, पाय सुजत होते. गेली तीन वर्षं ती या एका सकाळसाठी जगत होती आणि तेवढी सकाळ मी खिडकीतून टाकून दिली होती.

पुढची गाडी आली. आम्हाला ठरलेल्या जागा मिळाल्या, चारही. कोणालाही धावावं लागलं नाही. तीन तास ताई बाहेर पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो.

विहाराच्या गावात उतरलो तेव्हा थांब्यावर भन्तेजी स्वतः उभे होते. त्यांच्या शेजारी खुर्ची होती आणि खुर्चीवर पिशवी. ताई तिच्याकडे धावली नाही. आधी तिने भन्तेजींना खाली वाकून वंदन केलं, मग पिशवी उघडून शिवण चाचपली, चीवराच्या घड्या मोजल्या आणि कागद जागेवर आहे का ते पाहिलं.

भन्तेजींनी हिंदीत सांगितलं ते असं. पिशवी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मांडीवर पडली होती. त्याने उघडून पाहिली, आत चीवर दिसलं, कागद वाचला. मग तो उठला, पिशवी आपल्या जागेवर ठेवली आणि तीन तास उभा राहून आला. वाटेत दोघांनी त्याला आपली जागा देऊ केली, पण तो बसला नाही. इथे उतरून त्याने पिशवी विहारात आणून दिली आणि पुढच्या गावाला चालत गेला, कारण गाडी निघून गेली होती.

मी उगाच विनोद केला. म्हणालो, "म्हणजे जागा धरली गेली म्हणायची."

ताईने विचारलं, "त्याचे गुडघे बरे होते का?" भन्तेजींना ते समजलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या हातांनी चीवर दिलं. आजूबाजूला दोनशे माणसं होती, ताटं, फुलं, ढोल. ती गुडघ्यावर बसली आणि तिने चीवर दोन्ही हातांनी वर उचललं. आम्ही तिघे मागे बसून त्रिसरण म्हणत होतो. शब्द आमच्या विहारातलेच होते, चाल वेगळी होती. कंडक्टरभाऊ मध्येच थांबले आणि नाक शिंकरत बसले. मी रडलो नाही असं मी घरी सांगितलं आहे.

परतीच्या गाडीत ताईचा आकडा खिडकीचा निघाला आणि माझा तिच्या शेजारचा. गाडी अर्धी रिकामी होती. सुटल्यावर थोड्या वेळाने मला काय झालं कोण जाणे, मी उठलो आणि दांडा धरून तिच्याजवळ उभा राहिलो. कंडक्टरभाऊ पुढून ओरडले, "मास्तर, तिकीट असून उभे काहून?" बायकोने त्यांना गप्प बसायची खूण केली. मी तसाच उभा राहिलो. एका खड्ड्यात माझं डोकं टपाला लागलं, गुडघे बोलायला लागले.

ताई बाहेरच्या भातशेताकडे पाहत होती. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने हात ठेवला.

"बस आता, मास्तर," ती म्हणाली. "उठाचं होतं तं तवा उठाचं होतं."

मी बसलो.